शनीची महादशा आणि साडेसाती एकत्र, तीन नोकऱ्या गेल्या. नीलम घालू, २०२८ पर्यंत थांबू, की मशीन घेऊ?

डायमेकर_कोरेगाव:

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथले धागे नुसते वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. जरा लांबेल. अर्धवट सांगून अर्धवट उत्तर घ्यायचं नाही, म्हणून सगळंच लिहितो.

वय ४१. गाव कोरेगाव तालुक्यात, सध्या मुक्काम मोशी. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करून २००६ ला भोसरीच्या एका टूलरूममध्ये लागलो. दुचाकीच्या इंजिनाचे अॅल्युमिनियमचे भाग ज्यात ओततात, त्या प्रेशर डाय कास्टिंगच्या डाय, म्हणजे साचे, आम्ही बनवायचो. बेंचवर फाइल मारण्यापासून सुरुवात केली. मग ईडीएम (ठिणगीने धातू कोरणारं मशीन), मग व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचं प्रोग्रॅमिंग, शेवटी २०१८ ला टूलरूमचा सुपरवायझर झालो. ट्रायलचा पहिला शॉट बाहेर आला की कडेवरून बोट फिरवून मी सांगायचो, फ्लॅश (फटीतून बाहेर येणारा जादा धातू) कुठून येतोय आणि पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) किती घासायची. मिरवत नाही. काम येतं, एवढं कळावं म्हणून लिहिलं.

आता पत्रिका. जन्म नोव्हेंबर १९८४ अखेरचा, दुपारी सव्वाचारचा. वडिलांनी गावच्या जोशीकाकांकडून हाताने लिहून घेतलेली आहे, कोपऱ्यांना हळद लावलेली. मेष लग्न, कुंभ रास, धनिष्ठा नक्षत्र, चौथं चरण. सप्तमात तुळेचा शनी, म्हणजे उच्चीचा, बळकट. दशमात मकरेचा मंगळ, तोही उच्चीचा. भाग्यात धनू राशीत बुध, गुरू, शुक्र. धनात राहू, अष्टमात रवी-केतू. जन्मवेळी मंगळाची दशा एक वर्ष चार महिने शिल्लक. त्या हिशेबाने मार्च २००४ पर्यंत राहू, मार्च २०२० पर्यंत गुरू आणि तिथून १९ वर्षं शनी.

पत्रिका बघणारा माणूस आधी खूश होतो. शश योग आहे, रुचक योग आहे, दशमेश, म्हणजे कामधंद्याच्या दहाव्या स्थानाचा स्वामी, उच्चीचा आहे. मग चालू दशेवर नजर जाते आणि तो गप्प होतो. ही शांतता मी आतापर्यंत चार जणांकडे अनुभवली.

गुरूच्या सोळा वर्षांत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, मोशीचा फ्लॅट झाला. जानेवारी २०२० ला शनी मकरेत गेला, साडेसाती लागली. मार्चमध्ये महादशा बदलली आणि त्याच महिन्यात लॉकडाऊन. पाच महिने अर्धा पगार. कंपनी कशीबशी उभी राहिली, पण जानेवारी २०२३ मध्ये, शनी कुंभेत आला त्याच महिन्यात, मालकांनी जागा विकली. सोळा वर्षांचा हिशेब हप्त्याहप्त्याने मिळाला. मग चाकणला डाय मेंटेनन्सला लागलो. तिथे तीन महिन्यांचा पगार अडकला तो अजून अडकलेलाच आहे. ऑगस्ट २०२४ ला ते सोडलं. त्यानंतर कॉन्ट्रॅक्टवर रात्रपाळी, बारा तास, व्हीएमसी ऑपरेटर म्हणून महिना २२,०००. ज्याच्या हाताखाली होतो त्या पोराला मायक्रोमीटर वाचायला मीच शिकवलं होतं. तो मला ‘सर’च म्हणायचा, त्याचंच जास्त लागायचं. नोव्हेंबर २०२५ ला कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढे वाढवलं नाही. बायको बालवाडीत ९,००० वर जाते. फ्लॅटचा हप्ता १४,२००.

आता मुख्य गोष्ट. माझा एक मावसभाऊ आणि मी मिळून भोसरीत गाळा घ्यायचा, जुनं व्हीएमसी टाकायचं, जॉबवर्क करायचं असं दिवाळीत ठरलं होतं. तो तीन लाख घालणार होता. डिसेंबरमध्ये त्याने माझी पत्रिका एका ज्योतिषांना दाखवली, मला न विचारता. त्यांनी सांगितलं, ‘याची साडेसाती फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे, महादशा शनीची, याच्याबरोबर पैसा अडकवू नका.’ भाऊ घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, ‘दादा, तुझी साडेसाती संपली की बघू.’ सोसायटीतल्या एकाने हातउसने द्यायचेही याच कारणाने टाळले. शनीने जे केलं ते मी सोसतोय. पण माझी रास लोकांना माहीत आहे म्हणून दारं बंद होतायत, हे मला सहन होत नाहीये.

चिंचवडच्या दुसऱ्या एका ज्योतिषांनी सव्वापाच रत्तीचा नीलम सांगितलाय. ३८,००० रुपये. आई म्हणते बांगड्या मोड पण घाल. आई गेली सहा वर्षं दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ घालते, तिला नाही म्हणणं जड जातं.

विचारायचं आहे ते असं. शनी माझा दशमेश, तोही उच्चीचा, मग त्याच्याच दशेत कामधंदा का जावा? नीलम घालावा का? आणि २०२८ पर्यंत खरंच काही नवीन करू नये का? दोन वर्षं हातावर हात ठेवून बसायला माझ्याकडे दोन वर्षं नाहीत.

चिंचवडची_ताई:

दादा, फक्त नीलमचं सांगते, बाकीचं जाणकार सांगतील. आमच्याकडे २०२१ ला यांच्यासाठी घेतला होता, ४२,००० चा. दुकानदाराने सांगितलं होतं, पटला नाही तर परत घेऊ. आठ महिन्यांनी परत द्यायला गेलो तर सहा हजार म्हणाले, तेही त्यांच्याच दुकानातून दुसरं काही घेतलं तर. आईच्या बांगड्या मोडू नका. आईंना सांगा की आधी दुसऱ्या कोणाला विचारतोय, तेवढा वेळ मिळेल.

मिरजेच्या_काकू:

बाळ, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्याच्या आसपासच वर्षं पत्रिका बघते आहे, पैसे न घेता. म्हणून आधी गणित तपासलं. धनिष्ठा चौथं चरण आणि एक वर्ष चार महिने शिल्लक, म्हणजे चंद्र कुंभेत साधारण चार अंशांवर. बरोबर बसतं. शनीच्या महादशेत शनीचीच अंतर्दशा (पोटदशा) मार्च २०२३ पर्यंत, शनीत बुध नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ पर्यंत. आता केतूची अंतर्दशा नुकती लागली आहे, ती जानेवारी २०२७ पर्यंत. पुढे शुक्र तीन वर्षं दोन महिने.

दशमेश उच्चीचा असून काम का गेलं, हा तुझा प्रश्न शास्त्राला धरून आहे आणि त्याचं उत्तरही शास्त्रात आहे. मेष हे चर लग्न. चर लग्नाला अकराव्या स्थानाचा स्वामी बाधकेश, म्हणजे अडथळे आणणारा, होतो. तुझा शनी दशमेशही आहे आणि लाभेश (अकराव्याचा स्वामी) म्हणून बाधकेशही. शिवाय लग्नस्वामी मंगळाशी त्याचं पटत नाही. त्यामुळे त्याची दशा काम देते पण अडवून देते, असं आम्ही वाचतो. गोचरीचा, म्हणजे आकाशात फिरणारा, शनी सध्या मीनेत, म्हणजे तुझ्या राशीपासून दुसरा आणि लग्नापासून बारावा. पैसा आणि खर्च, दोन्हीकडे ताण. हे झालं एका बाजूचं.

दुसरी बाजू तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. शनी मीनेत गेला २९ मार्च २०२५ च्या रात्री, पाडव्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी अमावस्या होती आणि चंद्रही मीनेतच होता. कुंभेपासून दुसरा चंद्र, म्हणजे शनी रुप्याच्या पायाने आला. हा पाया चांगला मानतात. गुरू जूनपर्यंत मिथुनेत आहे, तुझ्या राशीपासून पाचवा, आणि त्याची नववी दृष्टी थेट तुझ्या राशीवर येते. साडेसातीचं शेवटचं अडीचकं (अडीच वर्षांचा टप्पा) म्हणजे सगळा अंधार असं सांगणाऱ्याने एवढं तरी बघायला हवं होतं. आणि फेब्रुवारी २०२८ ही तारीखही सरळ नाही. शनी जून २०२७ मध्ये मेषेत जाईल, ऑक्टोबरमध्ये वक्री होऊन मीनेत परत येईल, मग फेब्रुवारीत कायमचा सुटेल.

आता जे सांगते ते नीट वाच, कारण ते मला स्वतःला शिकायला फार वर्षं लागली. तुझी पत्रिका चित्रापक्षाने, म्हणजे चित्रा तारा धरून राशी मोजायच्या पद्धतीने, केलेली आहे, आपल्याकडची बहुतेक पंचांगं त्याच पद्धतीने चालतात. पण टिळक पंचांग रेवतीपक्षाचं, रेवती धरून मोजणारं. त्यात संक्रांत १० जानेवारीला येते, ते याच फरकामुळे. दोन्हींत साधारण चार अंशांचं अंतर आहे. टिळक पद्धतीने तुझा चंद्र आठ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे नक्षत्रच बदलतं. धनिष्ठेऐवजी शततारका. मग जन्मदशा मंगळाची नाही, राहूची, आणि तीही सोळा वर्षांहून थोडी जास्त शिल्लक. त्या हिशेबाने गुरू २००१ ला लागतो आणि शनीची महादशा २०२० ला नाही, २०१७ च्या सुरुवातीलाच लागते. माझ्या सासरी रत्नागिरीकडे तेच पंचांग वापरतात आणि त्या माणसांचं भविष्य काही तुझ्या-माझ्यापेक्षा कमी-जास्त बरोबर येत नाही. माझा या विद्येवर विश्वास आहे. पण एक माणूस एका पंचांगाने सुपरवायझर होण्याआधीच शनीत जातो आणि दुसऱ्याने लॉकडाऊनच्या महिन्यात, एवढा फरक असताना कुणाचे तीन लाख कुठे लागावेत हे मी सांगणार नाही. कोणीच सांगू नये.

नीलम नको. बाधकेशाचं रत्न मी तरी मेष लग्नाला सांगत नाही, आणि ३८,००० तुझ्या घरात अडीच महिन्यांहून जास्तीचे हप्ते आहेत.

मावसभावाचं मनाला लागलं. पत्रिका ज्याची त्याने विचारायची असते. मालकाला न विचारता त्याची पत्रिका बघणं आणि त्यावरून त्याच्याशी व्यवहार करू नका म्हणणं हा दोष सांगणाऱ्याचा आहे, तुझ्या शनीचा नाही. त्या ज्योतिषांना माझं हे म्हणणं कळवायचं असेल तर खुशाल कळव.

आईला शनिवारी मारुतीला जाऊ दे. तू पण जा तिच्याबरोबर.

शिरोली_जॉबवर्क:

डायमेकर दादा, मी शिरोली एमआयडीसीत दोन व्हीएमसी चालवतो, अकरा वर्षं झाली. माझा ज्योतिषावर विश्वास नाही, पण काकूंनी जे लिहिलं त्यातला प्रामाणिकपणा मला आवडला, म्हणून भांडायला नाही आलो.

मार्च २०२० बद्दल एवढंच. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, लागू झाले. २०१९ पासूनच गाड्यांचा खप पडला होता, जुन्या इंजिनाच्या डाय बंद होत होत्या, नवीन मॉडेलच्या कामाचे पैसे सगळ्यांनी थांबवले होते. त्यात २५ मार्चला लॉकडाऊन. माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या मालकांची तेव्हा शुक्राची महादशा चालू होती, त्यांच्या वहिनी सगळ्यांना सांगायच्या. त्यांचाही गाळा त्याच वर्षी बंद पडला. आणि तुळेचा शनी म्हणाल तर १९८२ च्या ऑक्टोबरपासून १९८४ च्या डिसेंबरपर्यंत जन्मलेल्या सगळ्यांचाच. माझा धाकटा भाऊ त्यातलाच, पाटबंधारे खात्यात आहे, त्याचा पगार एक दिवस चुकला नाही.

२००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना विचारलं, कोणती कोणाची ओळखा. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतात. मी हे काकूंना खोडायला लिहीत नाही, तुमच्या मावसभावाला दाखवायला लिहितोय.

आता मशीन. भाऊ पैसे देत होता तरी मी तुम्हाला थांबाच म्हटलं असतं, आणि त्याचं कारण शनी नाही. माझा हिशेब देतो. जुनं, चांगल्या स्थितीतलं फॅनुक कंट्रोलचं मशीन १२ लाखांना पडलं, त्यात ९ लाख कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के. हप्ता साडेएकोणीस हजार. गाळा १५,०००, एक ऑपरेटर १८,०००, वीज ८,०००, कटर-इन्सर्ट ६,०००. झाले ६६,५००. तासाला ४०० धरले तर १६६ तास नुसत्या खर्चाला भरतात. एक पाळी महिन्याला दोनशे तास. म्हणजे घरात आणायला उरले ३४ तास, तेही मशीन एक दिवस बंद न पडता आणि पैसे वेळेत आले तर. ते येत नाहीत. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उद्यम नोंदणी असेल तर तक्रारही करता येते. पण पहिल्याच वर्षी पहिल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध कोण तक्रार करतो?

व्हीएमसीचे तास विकणारे भोसरीत गल्लोगल्ली आहेत. बोट फिरवून फ्लॅश कुठून येतोय ते सांगणारे किती आहेत? तुमचा धंदा तो आहे. डाय रिपेअर. कोअर पिन (भागात भोक ठेवणारी साच्यातली दांडी) तुटली, कॅव्हिटीला चिरा पडल्या, इजेक्टर पिन अडकली, सोल्डरिंग होऊन माल चिकटतोय. कास्टिंगवाल्याची मशीन त्या दिवशी उभी असते आणि तो तासाचा भाव विचारत नाही. बेंच, डाय ग्राइंडर, वेल्डिंगवाला ओळखीचा, वायरकट (तारेने धातू कापणं) आणि व्हीएमसीचं काम बाहेरून. दीड-दोन लाखांत उभं राहतं. मशीन सहा महिन्यांनी घ्या, आणि ती कोणती घ्यायची हे येणारं कामच सांगेल.

चाकणचा पगार सोडू नका. हजेरी, बँकेतल्या जमा, नेमणुकीचं पत्र घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा. वकील लागत नाही.

डायमेकर_कोरेगाव:

काकू, दादा, ताई, तिघांनाही मनापासून नमस्कार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं.

काकू, टिळक पंचांगाचं वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. २०१७ ते २०२० ही माझी सगळ्यात चांगली वर्षं होती. सुपरवायझर झालो ते त्यातच, मुलीला सायकल घेतली ती त्यातच, आईचा मोतीबिंदू त्यातच काढला. शनीची महादशा तेव्हाच लागली होती असं मानलं तर ती वर्षं त्यानेच दिली म्हणायची. मी सहा वर्षं ज्याला घाबरतोय त्यानेच? मला अजून उत्तर सापडलेलं नाही, पण मार्च २०२० ची तारीख डोक्यात खिळ्यासारखी होती ती थोडी हलली. विश्वास माझाही गेलेला नाही. शनिवारी आईबरोबर मारुतीला गेलो, पुष्कळ दिवसांनी. तिला नीलमचं मी सांगितलं, मेष लग्नाला चालत नाही म्हणून. ती लगेच म्हणाली, ‘मग नको.’ मिरजेच्या बाईंनी सांगितलं म्हटल्यावर तिला जास्त पटलं.

मावसभावाला ४६ टक्क्यांचं पाठवलं नाही. भांडण नको आहे. तो चहा घेऊन उठला तेव्हा त्याचीही मान खाली होती.

शिरोलीचे दादा, तुमचा हिशेब वहीत उतरवून घेतला आणि खाली माझे आकडे लिहिले. माझे तर १८० तास येतात, गाळ्याचं भाडं भोसरीत जास्त आहे. मशीनचा विषय तूर्त बंद. जुन्या कंपनीच्या वेळचे कास्टिंगवाले होते, त्यातल्या सात जणांना फोन केले. पाच जणांनी ‘बघू’ म्हटलं. एकाने विचारलं, ‘इतके दिवस कुठे होता?’ आणि एकाच्या डायला कोअर पिन तिसऱ्यांदा तुटली आहे, उद्या सकाळी बघायला बोलावलंय. पिन पुन्हा पुन्हा त्याच जागी तुटते म्हणजे बहुतेक थंड पाण्याची लाइन चोकअप असणार, तिथे डाय जास्त तापत असणार, पण बघितल्याशिवाय बोलणार नाही.

कामगार आयुक्तांकडचा अर्ज लिहायला घेतला आहे. नेमणुकीचं पत्र सापडलं, हजेरीचे फोटो मोबाइलमध्ये आहेत.

एकच विचारायचं राहिलं, दादा. बाहेर जाऊन डाय रिपेअर करताना भाव कसा सांगायचा? दिवसाचा की कामाचा? सोळा वर्षं पगारावर होतो, स्वतःच्या कामाचा आकडा तोंडाने कधी सांगितलेला नाही. उद्या सकाळी साडेआठला जायचंय, आज रात्री लिहिलंत तरी चालेल.

शिरोली_जॉबवर्क:

कामाचा. आधी डाय उघडून बघा, मगच आकडा सांगा, आणि बघायला जाण्याचे पाचशे वेगळे घ्या. डायल इंडिकेटर स्वतःचा न्या. रात्री दहानंतर फोन करा, नंबर व्यक्तिगत निरोपात टाकतोय.